पहिली जुनी लष्करी गाडी निवडताना

हैदराबादेत कोठीकडून मोअज्जमजाही मार्केटच्या दिशेने निघाले की वाटेत जामबाग लागते. हैदराबादच्या मराठी समाजाला ही वस्ती परिचित आहे ती विवेकवर्धिनी या जुन्या मराठी शिक्षणसंस्थेमुळे. मोटारींच्या जगात मात्र जामबाग आणि शेजारची पुतलीबावली ओळखली जाते ती सुट्या भागांच्या दुकानांसाठी. क्लचप्लेट, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल सील, ब्रेकचे रबर अशा वस्तूंचे ढीग लावलेल्या या गल्ल्यांत जुन्या जीपचा एखादा तुकडा रुमालात गुंडाळून आणणारे आणि त्याचा जोड मागणारे गिऱ्हाईक नवलाचे ठरत नाही. शेजारच्या सिकंदराबादेत मोठी लष्करी छावणी आहे, आणि लष्करी वाहनांची व यंत्रांची देखभाल करणाऱ्या ईएमई कोअरचे अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथेच आहे.

गोव्यातून सुमारे साडेसहाशे किलोमीटरवरच्या या बाजाराचा उल्लेख आरंभीच करण्याचे कारण असे की, जुनी लष्करी गाडी घेण्याचा विचार गाडीपासून सुरू करू नये, तो सुट्या भागांपासून आणि कागदपत्रांपासून सुरू करावा. गाडीच्या रूपावर भुलून आधी व्यवहार केला आणि कागद नंतर पाहिले, तर अंगणात कायमचे उभे राहणारे लोखंड पदरी पडण्याचा संभव असतो. पहिल्या गाडीच्या बाबतीत ही चूक सर्वाधिक घडते.

कोणत्या गाड्या उपलब्ध असतात

भारतात हौशी संग्राहकांच्या वाट्याला येणाऱ्या जुन्या लष्करी गाड्यांचे स्थूलमानाने पाच गट पडतात.

पहिला गट दुसऱ्या महायुद्धातील जीपचा. अमेरिकेत विलीज कंपनीने ‘एमबी’ आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने 1941 ते 1945 या काळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. 80 इंच व्हीलबेस, चार सिलिंडरचे 2.2 लिटर पेट्रोल इंजिन, सुमारे 60 अश्वशक्ती, तीन गिअर आणि 6 व्होल्टची विद्युतव्यवस्था ही त्यांची ओळख. युद्धानंतर यांतील अनेक गाड्या भारतातच राहिल्या.

दुसरा गट महिंद्राच्या जीपचा. विलीजच्या परवान्याने महिंद्राने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. पुढे ‘सीजे 3बी’ हे उंच बॉनेटचे प्रारूप देशभर पसरले आणि सैन्यातही दीर्घकाळ वापरात राहिले. या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावे लागले.

तिसरा गट जोंगा आणि निसानच्या एक टनी वाहकाचा. निसानच्या परवान्याने जबलपूर येथे बांधलेल्या या गाड्यांत सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. जोंगा हे नावही जबलपूरच्या आयुध व तोफगाडी कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आले. महेंद्रसिंग धोनी यांनी 2019 मध्ये जोंगा घेतल्यानंतर या गाडीची चर्चा पुन्हा वाढली. ताकद अफाट, पण पेट्रोलची भूकही तितकीच मोठी.

चौथा गट ट्रकांचा : युद्धकाळातील डॉज, तसेच जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बांधलेला शक्तिमान. पाहण्यास भव्य असले तरी उभे करण्यास जागा, चालवण्यास अवजड वाहनाचा परवाना आणि हलवण्यास मनुष्यबळ लागत असल्याने पहिल्या खरेदीसाठी ते योग्य नव्हेत.

पाचवा गट मोटरसायकलींचा. युद्धकाळातील बीएसए एम20 व नॉर्टन 16एच, आणि 1950 च्या दशकापासून भारतीय सैन्याने वापरलेली 350 सीसीची रॉयल एनफिल्ड बुलेट. घराच्या व्हरांड्यात मावणारी, एकट्याने हाताळता येणारी आणि गावच्या मेकॅनिकला समजणारी लष्करी गाडी हवी असेल तर बुलेटइतका सोपा आरंभ दुसरा नाही.

यांखेरीज मारुती जिप्सी आहे. सैन्यात ती 1990 च्या दशकात आली. वयाने ती अद्याप ‘व्हिंटेज’ नसली तरी तिचे भाग सहज मिळतात, आणि लष्करी गाडी सांभाळणे आपल्याला जमेल का, याची कमी जोखमीत परीक्षा तिच्यावर घेता येते.

पन्नास वर्षांची अट

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यास पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क 5,000 रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक राखता येतो.

या सवलतीबरोबर दोन बंधने येतात. पहिले, गाडी मूळ रूपात असली पाहिजे; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. पेट्रोल परवडत नाही म्हणून अनेक जोंगांत आणि जीपमध्ये दुसऱ्या कंपनीचे डिझेल इंजिन बसवले गेले आहे. अशी गाडी चालवण्यास स्वस्त पडते, परंतु व्हिंटेज नोंदणीच्या वाटेवर तीच अडते. इंजिनबदलाची नोंद कागदावर नसेल तर साध्या नोंदणीतही अडचण येते, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ बांधणीत मनाजोगते फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका कायम केली.

दुसरे, व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. गोव्यात हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. पर्यटकांना भाड्याने देण्याच्या हिशेबाने जुनी जीप घेऊन तिला व्हिंटेज क्रमांक लावणे नियमात बसत नाही.

सैन्यातून आलेल्या गाडीचे कागद

सैन्याच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 नुसार स्वतंत्रपणे होते. वर रोखलेल्या बाणाची खूण असलेला क्रमांक त्यातूनच येतो. गाडी सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की ही नोंदणी संपते आणि तिला नागरी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 21, आवश्यक असते. छायाप्रत, प्रतिज्ञापत्र किंवा ‘लिलावाची पावती आहे’ असे तोंडी आश्वासन त्याची जागा घेऊ शकत नाही.

विकणाऱ्याकडे नागरी नोंदणीपुस्तिका असेल तर तिच्यावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. पुस्तिका परराज्यातील असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. लिलावात उतरणाऱ्याने अटी बारकाईने वाचाव्यात : माल ‘वाहन’ म्हणून विकला जात आहे की ‘भंगार’ म्हणून, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. भंगार म्हणून घेतलेल्या सांगाड्याला नंतर क्रमांक मिळवून देण्याचे आश्वासन देणारा मध्यस्थ बहुधा दुसऱ्याच गाडीचे कागद पुढे करतो. त्यात अडकतो तो शेवटचा खरेदीदार.

रंगाचा प्रश्न

लष्करी गाडीची हौस असणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच रंग असतो, आणि नेमका तोच वर्ज्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 नुसार संरक्षण खात्याच्या मालकीचे नसलेले कोणतेही वाहन ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरव्या रंगात रंगवता येत नाही. गाडी खरोखरच सैन्यातून आलेली असली तरी मालक बदलला की रंगही बदलावा लागतो. वाळूचा पिवळसर, करडा किंवा निळसर राखी रंग निवडून गाडीचा इतिहास जपता येतो. बाणाचा क्रमांक आणि तुकड्यांची चिन्हे रस्त्यावर मिरवू नयेत. सुरक्षायंत्रणांना लष्करी वाहन ओळखता यावे यासाठी हा नियम आहे. हौसेखातर त्याला वळसा घालणे शोभत नाही.

खरी जीप कशी ओळखावी

बाजारात ‘1942 ची विलीज’ म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक गाडी तशी असतेच असे नाही. महिंद्राच्या किंवा युद्धोत्तर नागरी जीपवर नवी जाळी आणि नवी पाटी लावून तिला युद्धकालीन रूप देण्याचे प्रकार घडतात. काही खुणा मात्र लपत नाहीत. युद्धकालीन जीपच्या दाबून बनवलेल्या पुढच्या जाळीत नऊ खाचा असतात, नागरी जीपच्या जाळीत सात. युद्धकालीन जीपला मागे उघडणारी फळी नसते आणि जादा चाक मागे लटकते. विलीजच्या चासीचा सर्वांत पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, तर फोर्डचा उलट्या ‘यू’ आकाराचा असतो. फोर्डने आपल्या अनेक भागांवर, बोल्टांवरदेखील, ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर उमटवलेले आहे. जाळी किंवा पत्रा बदलता येतो, म्हणून निर्णय चासी पाहून करावा.

महिंद्राची जीप घेण्यात मात्र कमीपणा नाही. स्वतंत्र भारताच्या सैन्याचा इतिहास तिच्याही चाकांनी लिहिला आहे. तिला तिच्या खऱ्या नावाने आणि तिच्या किमतीत घ्यावे, एवढेच.

तपासणी करताना

गोव्याच्या हवेत सर्वांत मोठा शत्रू गंज. ताजा, जाड रंग दिसला की पत्र्याखालचे विचारावे. जमिनीवर आडवे होऊन चासीच्या दोन्ही तुळया, स्प्रिंगांचे आधार आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा पाहावी. तडा किंवा ठिगळासारखे वेल्डिंग दिसल्यास किंमत उतरवण्यापेक्षा गाडी सोडणे बरे. इंजिन गार असताना सुरू करावे. निळा धूर, तेलाचा कमी दाब आणि उतारावर निसटणारा गिअर यांची नोंद घ्यावी. चारही चाके एकदम फिरवणारी यंत्रणा प्रत्यक्ष लावून पाहावी.

जुन्या जीपचे ब्रेक ड्रमचे आणि एकाच तेलमार्गाचे असतात. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून खरेदीनंतरचा पहिला खर्च ब्रेकच्या नळ्या, सिलिंडरचे रबर आणि टायर यांवर व्हावा. रंगकाम सर्वांत शेवटी. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने झिजते, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रकारचे बसवावेत आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी छप्पर असलेली, खालून ओल न येणारी जागा नसेल तर खरेदी पुढे ढकलणे शहाणपणाचे.

जामबागला जाताना

सुटे भाग आणण्यास जाणाऱ्याने जुना भाग धुऊन सोबत न्यावा. नावापेक्षा नमुना अधिक बोलतो. बेअरिंग व ऑइल सीलवर कोरलेले क्रमांक आणि दातांची संख्या लिहून घ्यावी, कारण बेअरिंग अनेकदा कंपनीच्या नावाने न मिळता मापाने मिळते. सीजे 3बीचे इंजिन, ट्रान्सफर केस आणि 6.00-16 मापाचे टायर यांसाठी भारतात आजही पर्याय सापडतात, कारण ही जीप येथे दशकानुदशके बनत राहिली. युद्धकालीन जीपचे काही भाग तिच्याशी जुळतात, परंतु तिचा गिअरबॉक्स वेगळा आहे. जोंगाच्या बाबतीत एकेका भागासाठी अधिक वणवण करावी लागते.

शक्य असल्यास त्याआधी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहून यावे. 1994 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात युद्धयंत्रे मूळ आकारात जवळून पाहता येतात, आणि अशी यंत्रे सांभाळण्यास काय लागते, याची कल्पना छायाचित्रांपेक्षा तेथे अधिक येते.

या सर्वांचा ताळा एका यादीत मांडता येतो. नमुना 21 किंवा स्वच्छ नोंदणीपुस्तिका आहे का? चासी व इंजिन क्रमांक जुळतात का? गाडी मूळ इंजिनासह आहे का? दहा किलोमीटरच्या आत तिला हात लावणारा मेकॅनिक आहे का? तिची क्लचप्लेट बाजारात मिळते का? पाचही प्रश्नांना होकार मिळाला तर ती गाडी दिसायला साधी असली तरी पहिली म्हणून घ्यावी. पहिल्या प्रश्नालाच नकार मिळाला, तर ती कितीही दुर्मीळ असो, हात जोडून परत फिरावे.