हे कमी कुणी केलं?

कोल्हापुरात चप्पल लाईनीत एक दृश्य रोज दिसतं. गिऱ्हाईक जोड हातात घेतं, उलटसुलट करून बघतं, तळ वाकवून बघतं, भाव विचारतं आणि "पुढं एक चक्कर मारून येतो" म्हणून वळतं. दुकानदार आग्रह करत नाही. "या की. पण या मापात हा एकच जोड राहिलाय, एवढं ध्यानात ठेवा," इतकंच म्हणतो. गिऱ्हाईक थांबतं. जोड तोच, तळ तोच, भावही तोच. मघाशी महाग वाटलेला जोड आता हातातून सोडवत नाही. त्या दोन मिनिटांत वस्तूत काडीचाही फरक पडलेला नाही. फरक पडला तो घेणाऱ्याच्या मनात. त्याची चिकित्सा हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय म्हटलं तर नवा आहे, म्हटलं तर बाजाराइतका जुना. त्यात मानसशास्त्र येतं, अर्थशास्त्र येतं, व्यापार येतो आणि अलीकडे कायदाही आला आहे. पण आत यायला यांपैकी कशाचीही पदवी लागत नाही. "शेवटचा नग", "आजच्यापुरतीच सूट", "उद्या हा भाव राहणार नाही" ही वाक्यं ज्यानं ऐकली आहेत, त्याच्याकडे अभ्यासाची सामग्री आधीच जमा आहे. या प्रस्तावनेत मी ती सामग्री कोणत्या क्रमानं लावावी एवढंच सांगणार आहे.

आधी एक प्रयोग सांगतो, कारण या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबतोच. १९७५ साली अमेरिकेत स्टीफन वॉर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांपुढे बिस्किटांची बरणी ठेवली. काहींच्या बरणीत दहा बिस्किटं, काहींच्या बरणीत दोन. एक खाऊन बघा आणि मत द्या, एवढंच काम. दोनच्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं वाटलं, त्याची किंमतही त्यांनी जास्त धरली. काही जणांपुढे आधी दहाची बरणी आणली आणि मग ती काढून दोनची ठेवली. त्यांची ओढ पहिल्यापासून दोनच बघणाऱ्यांपेक्षाही वाढली. आणि ही बिस्किटं इतरांनी मागून नेली म्हणून कमी झाली, असं ज्यांना सांगितलं त्यांची ओढ सगळ्यांत जास्त निघाली. मला मात्र यातली दुसरीच नोंद मोलाची वाटते. दोनच्या बरणीतलं बिस्किट चवीला अधिक चांगलं आहे, असं कुणी म्हटलं नाही. हवंसं वाटणं वाढलं, गोडी वाढली नाही. घेतानाची ओढ आणि वापरतानाचं समाधान ही दोन वेगळी खाती आहेत, आणि टंचाई फक्त पहिल्या खात्यात जमा होते.

असं का होतं याची उत्तरं अनेकांनी दिली आहेत. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलं की निवडीची मोकळीक जाते असं दिसलं की माणूस ती परत मिळवायला धडपडतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख जास्त बोचतं. हार्वी लायबेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं त्याही आधी, १९५० मध्ये, घेणाऱ्यांचे दोन स्वभाव वेगळे काढले होते : सगळे घेतात म्हणून घेणारे, आणि सगळ्यांना मिळत नाही म्हणूनच घेणारे. आज 'फोमो' या नावानं घरोघरी पोचलेली हुकण्याची धास्ती मोजायची प्रश्नावली २०१३ मध्ये अँड्र्यू शिबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. या सगळ्यांची ओळख पुढच्या प्रकरणांत सविस्तर होईल.

पण ही नावं पाठ करण्याआधी वाचकानं एक गैरसमज दूर ठेवावा. टंचाईच्या भीतीनं घेणारा माणूस मूर्ख असतो, असा सूर या विषयावरच्या बऱ्याच लिखाणात लागतो. तो मला मान्य नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यानं कोल्हापुरात काढला त्यालाही तो मान्य होणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली, गाड्या अडकलेल्या, पाणी उपसायची केंद्रं बुडाल्यामुळे नळ कोरडे. त्या दिवसांत दुधाच्या रांगेत मी रोजच्या दोन पिशव्यांऐवजी पाच घेतल्या. माझ्यामागं उभ्या असलेल्या आजींची पाळी आली तेव्हा क्रेट रिकामे झाले होते. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या हातातल्या पिशव्यांकडे फक्त बघितलं. मी दोन त्यांना दिल्या. पण त्या रांगेत माझ्यासारख्या पाच-पाच घेणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि प्रत्येकाच्या घरी लहान मूल नाहीतर आजारी माणूस होतं. एकेकट्याचा हिशेब बरोबर होता आणि सगळ्यांचा मिळून क्रेट रिकामे करत होता. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये, भीतीपोटी धावणारे ठेवीदार चांगली बँक कशी बुडवतात हे सांगून, याच फेऱ्याचं वर्णन केलं होतं. दुधाच्या रांगेत तो मला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळला.

टंचाईचा आणखी एक परिणाम आपल्या जिल्ह्याला फार जवळचा आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ५४ गावं, ४६४ शेतकरी. त्याच शेतकऱ्याला तोडीच्या आधी आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर अशी दोनदा कोडी घातली. दहापैकी बरोबर उत्तरं आधी सरासरी ४.३५ आली, नंतर ५.४५. माणूस तोच, बुद्धी तीच. उसाला तोड एकाच वेळी सगळ्यांना येत नाही, कारखान्याच्या वेळापत्रकानं येते, त्यामुळे हा फरक ऋतुमानाचा असेल ही शंकाही बाजूला पडली. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर पुढं आक्षेप आले, त्यांना संशोधकांनी उत्तरंही दिली. तो वाद पुस्तकात दोन्ही बाजूंनी दिला आहे. पण तोडीची चिठ्ठी कधी येते, बिल कधी जमा होतं याची वाट बघत ज्यानं सोसायटीचं कर्ज, मुलीची फी आणि दुकानदाराची उधारी एकाच डोक्यात सांभाळली आहे, त्याला यातलं तथ्य वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. ज्याच्या मनावर आधीच ओझं आहे, त्याच्यावर "आजच घ्या" या वाक्याचा भार जास्त पडतो. म्हणून या शास्त्राला मी चैनीचं शास्त्र मानत नाही.

आपल्याकडे टंचाई पंचांगातही आहे. साडेतीन मुहूर्त म्हणजे वर्षातले मोजके दिवस. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा. शिवाय गुरुपुष्य. त्या दिवशी गुजरीत, सराफांच्या पेठेत, पाय ठेवायला जागा नसते. ग्रॅमभर का होईना, सोनं घ्यायचंच. दिवाळीच्या पाडव्याला शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, तेव्हा गुळाच्या पहिल्या ढेपांना चढा भाव मिळतो. हंगामाची पहिली हापूसची पेटी तिथं सौद्याला येते, तिचाही भाव दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा विषय होतो. वरवर बघता मुहूर्त आणि 'चोवीस तासांची सूट' एकाच जातीची वाटतात. दोन्हींत वेळ कमी आहे. मी बराच काळ तसंच मानत होतो आणि तसं लिहिलंही होतं. आता माझं मत बदललं आहे. मुहूर्त हुकला तर पुढचा कधी, हे त्याच पंचांगात छापलेलं असतं. त्यासाठी घरात सहा महिने आधीपासून भिशी लागते, डब्यात पैसे साठतात, काय करायचं यावर सासू-सुनेत चर्चा होते. मुहूर्त विचार करायला वेळ देतो. मोबाइलवरचं उलटं धावणारं घड्याळ तोच वेळ काढून घेतं. मुहूर्ताची टंचाई ठरलेल्या दिवशी परत येते, म्हणून ती धमकावत नाही.

यावरून मी माझ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न शिकवतो : हे कमी कुणी केलं? पुराच्या पाण्यानं, ऋतूनं, पंचांगानं, कारागिराच्या हातांनी, की विकणाऱ्याच्या ठरावानं? किती कमी आहे हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुन्हा चपलेचंच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच घाटाच्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथं संताप उसळला. कंपनीनं मग या चपलांमागची भारतीय परंपरा मान्य केली, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या चर्मोद्योग महामंडळांबरोबर काम करून महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड बनवण्याची योजना जाहीर झाली. किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८०,००० रुपयांच्या वर. जोड फक्त २,०००.

आता दुसरी बाजू बघा. वनस्पतींच्या सालीत कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, पावसाळ्यात वाळायला लागणारे जादा दिवस, आणि वडिलांच्या आरीला हात न लावणारी पुढची पिढी. हातानं बनलेला जोड खरोखरच कमी होत चालला आहे. ही टंचाई कुणी ठरवलेली नाही, ती हातांची आहे. तिला बाजारात काय मिळतं? "कितीला सोडणार?" हा प्रश्न. जाहीर केलेल्या टंचाईला हजारो रुपये मोजले जातात आणि खऱ्या टंचाईशी घासाघीस होते, कारण पहिलीचा आकडा छापलेला असतो आणि दुसरीचा आकडा कुणी कधी सांगितलेलाच नाही. कारागिराला रास्त भाव मिळण्याचा प्रश्न याच विषयाच्या पोटात आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

ऑनलाइन दुकानांत तर टंचाई आकड्यांतच बोलते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० खरेदीची संकेतस्थळं तपासली. काही ठिकाणी वेळ संपल्यावर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं, काही ठिकाणी "इतकेच शिल्लक" हा आकडा यंत्र मनानं घालत होतं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार आहेत आणि यादीत पहिला आहे खोट्या घाईचा. "दोनच उरलेत" हे खोटं सांगणं आता अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, हे मोबाइलवर खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

धास्तीपुढे माणूस नेहमीच हरतो असंही नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाचा भाव वाढला तेव्हा याच शहरानं कृती समिती केली, बैठका घेतल्या, दुकानं बंद राहिली तरी माघार घेतली नाही. ज्या गावात रविवारचं मटण चुकत नाही तिथं हे घडलं. एकट्यानं न घेणं अवघड असतं, दहा जणांनी मिळून न घेणं त्या मानानं सोपं असतं. यावर अभ्यास फार थोडा झाला आहे, आणि तो कोल्हापुरात व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. पुस्तक वाचता वाचता एक वही करा. काय घेतलं, घेताना कानावर किंवा डोळ्यांपुढे कोणतं वाक्य आलं, आणि महिन्यानं ती वस्तू घरात कुठं आहे, एवढ्या तीनच गोष्टी लिहा. मराठी बाजारपेठांतल्या अशा नोंदी आज जवळपास नाहीतच. आपण परदेशी बरण्यांतली बिस्किटं मोजत बसलो आहोत. लक्ष्मीपुरीतल्या, गुजरीतल्या, आठवडी बाजारातल्या नोंदी ज्यांच्याकडे जमतील त्यांनी त्या माझ्याकडे जरूर पाठवाव्यात. पुढच्या आवृत्तीत त्यांचं एक प्रकरण करायचं आहे.