इनामगावचे घर : सूत, हाडे आणि माया

पुण्याहून पूर्वेला ऐंशीएक किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे. गावाचे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याने ऐकलेच असेल तर ते एखाद्या पाठ्यपुस्तकातल्या ‘ताम्रपाषाणयुग’ या प्रकरणात, आणि परीक्षेनंतर विसरलेही असेल. तेथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. हाती काय आले? राजवाडा नाही, शिलालेख नाही, नाणे नाही. हाती आली घरे. शंभराहून अधिक घरे, साधारण इ.स.पू. १६०० पासून इ.स.पू. ७०० पर्यंतची, एकावर एक रचलेली. महाराष्ट्रातल्या कुटुंबाचा इतिहास ज्याला लिहायचा आहे त्याला सुरुवात येथूनच करावी लागते. आणि येथेच त्याला पहिली अडचणही भेटते.

या घरांचे वर्णन अहवालांत आणि ढवळीकरांच्या ‘महाराष्ट्राची कुळकथा’सारख्या मराठी पुस्तकातही वाचावयास मिळते. आरंभीच्या जोर्वे काळातली, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १००० च्या सुमाराची घरे चौकोनी, सुमारे पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. मातीच्या बुटक्या भिंती, त्यांवर कूड, वर गवताचे छप्पर. आत चूल, रांजण टेकवण्यासाठी मांडलेले चपटे दगड, धान्य साठवण्याची बळदे, बाहेर अंगण. गव्हाचे, जवाचे, मसुरीचे जळके दाणे मिळाले. कुंभाराची भट्टी मिळाली, पाटाचे पाणी अडवून नेल्याच्या खुणा मिळाल्या. एक पाच खोल्यांचे घर मिळाले, ते गावप्रमुखाचे असावे असे उत्खननकर्त्यांचे मत. पुढे उत्तर जोर्वे काळात ही चौकोनी घरे जातात आणि त्यांच्या जागी गोल, लहान खोपटी येतात. गव्हाचे प्रमाण घटते, शेळ्या-मेंढ्यांवरची आणि शिकारीवरची भिस्त वाढते. एक नांदते गाव हळूहळू उतरणीला लागल्याची ही कथा आहे.

ही माहिती वर्गात सांगताना विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न इतिहासाचा नसून साहित्याचा असतो : ही माणसे घरात बसून काय करीत? म्हणजे चूल विझल्यावर, जेवणे झाल्यावर?

याचे थोडेसे उत्तर मातीची एक लहान चकती देते. मध्ये भोक असलेली ही चकती टकळीला खालून बसवतात, म्हणजे टकळी जड होते आणि फिरत राहते. ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत अशा चकत्या सापडतात. चकती हलकी असेल तर सूत बारीक निघते, जड असेल तर जाड. ज्याने कधी टकळीवर सूत काढले आहे (आमच्या पिढीतल्या काहींना शाळेत ते करावे लागले होते, आणि बहुतेकांचे सूत तुटत असे) त्याला हे ठाऊक आहे की ही कामे मन लावून बसून करावयाची नसतात. ती बोलता बोलता, मुलावर लक्ष ठेवता ठेवता, दारात उभे राहून करावयाची असतात. घरातला जो वेळ कोणत्याच कामाचा म्हणून मोजला जात नाही, तो या चकतीत साठलेला आहे.

पण सूत कोठे आहे? ते नाही. कापड नाही, पांघरूण नाही, मुलाचे टोपडे नाही. आपल्या हवेत आणि मातीत सुताचे आयुष्य फार थोडे. चकती भाजलेल्या मातीची म्हणून उरली. तिने जे घडवले ते नाहीसे झाले. श्रमाचे साधन उरते आणि श्रमाचे फळ जाते, ही घराच्या इतिहासातली नेहमीचीच गोष्ट आहे, आणि ज्याला आपण बायकांचे काम म्हणत आलो त्याच्या बाबतीत ती अधिकच खरी आहे.

अपवाद आहेत, आणि ते विलक्षण आहेत. घोडेच्याच काठावरल्या चांडोलीला तांब्याचे मणी ओवलेला जवसाच्या तंतूंचा धागा मिळाला. प्रवरेकाठच्या नेवाशाला तांब्याच्या मण्यांच्या माळेत कापसाचा धागा मिळाला. त्यात रेशीमही असल्याची नोंद अ. ना. गुलाटी यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात केली. धागा टिकला तो तांब्यामुळे. तांबे गंजते तेव्हा त्याचे क्षार आजूबाजूला झिरपतात, ते जंतूंना मारक असतात, आणि मण्याच्या भोकातला सुताचा तुकडा तेवढा कुजावयाचा राहतो. नेवाशाची ती माळ मिळाली एका लहान मुलाच्या दफनात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातले सूत आपल्याला पाहावयास मिळते ते कोणीतरी आपल्या गेलेल्या मुलाच्या गळ्यातली माळ काढून घेतली नाही म्हणून.

इनामगावलाही मुलांची दफने फार आहेत. बहुतेक दफने त्यांचीच. दोन मातीच्या भांड्यांची तोंडे एकमेकांना जोडून, आत मूल ठेवून, ती भांडी घराच्या जमिनीखाली आडवी पुरली जात. वर तीच चूल, तेच अंथरूण. मोठ्यांना उताणे पुरत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने निघून जाऊ नये म्हणून, असे ढवळीकर सुचवतात. गावप्रमुखाच्या त्या घराशी संबंधित चार पायांच्या मोठ्या रांजणातला सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष मात्र सपाय आहे. मुलांच्या हाडांवर ग्वेन रॉबिन्स शूग यांनी केलेला अभ्यास २०११ साली पुस्तकरूपाने आला. उत्तर जोर्वे काळातली मुले वयाच्या मानाने खुरटलेली, हाडांनी किरकोळ दिसतात. गाव उतरणीला लागल्याची जी कथा खापरांवरून आणि धान्यावरून सांगितली जात होती, ती या मांडीच्या हाडांत अधिक जवळून वाचता येते.

आता कुत्र्याकडे वळतो. इनामगावच्या प्राण्यांच्या हाडांत गाय-बैल, शेळी, मेंढी आहेत, हरणे आहेत, आणि कुत्राही आहे. म्हणजे त्या अंगणात कुत्रे होते. पण ‘होते’ या क्रियापदापलीकडे आपण किती जाऊ शकतो? त्याला नाव होते का? ते मुलांच्या पायांत घुटमळत असे का? म्हातारे झाल्यावर त्याला कोणी भाकर कुसकरून घालीत असे का? हाडांची यादी यावर बोलत नाही. साहित्याच्या माणसाची प्रवृत्ती येथे ताबडतोब गोष्ट रचण्याची असते. मला ती प्रवृत्ती ठाऊक आहे, कारण माझीही तीच आहे.

अशी रचलेली गोष्ट काय करू शकते हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ साली उभा राहिला. धन्याच्या चितेत त्याने उडी घेतली ही कथा सर्वश्रुत आहे, राम गणेश गडकरी यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाशी तिचे नाव जोडले जाते, आणि समकालीन पुराव्यात मात्र तिचा थांग लागत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये तो पुतळा हटवावा अशी मागणी संभाजीराजे छत्रपती यांनी केली आणि जुना वाद पुन्हा पेटला. त्या वादात मला शिरावयाचे नाही. मला दिसते ते एवढेच की वाघ्याजवळ कथा आहे आणि हाड नाही. इनामगावच्या कुत्र्याजवळ हाड आहे आणि कथा नाही. या दोहोंत अधिक खरे कोण, हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात सोपा वाटतो, साहित्याच्या वर्गात तितका सोपा राहत नाही.

परंतु हाडे अगदीच मुकी असतात असेही नाही. जर्मनीतल्या बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या दफनात कुत्र्याचेही अवशेष मिळाले. ते सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे. २०१८ साली लुक यान्सेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या दातांचा पुन्हा अभ्यास केला. ते सात महिन्यांच्या आतले पिल्लू होते, आणि दातांवरच्या खुणांवरून त्याला डिस्टेंपर हा जीवघेणा रोग जडला होता असे त्यांनी अनुमान केले. या रोगात पिल्लू खात-पीत नाही, ओकते, झटके येतात. कोणी ऊब दिली नाही, पाणी पाजले नाही, घाण काढली नाही तर ते तीन आठवड्यांच्या आत संपते. हे पिल्लू कित्येक आठवडे जगले. शिकारीला त्याचा उपयोग शून्य. तरीही कोणीतरी त्याला जगवीत राहिले. येथे माया दिसते, आणि ती कोणी कल्पिलेली नाही. दाताच्या आवरणावर आडव्या रेघा उमटाव्यात तशी ती उमटली आहे. काश्मीरमधल्या बुर्झाहोमलाही नवाश्मयुगातली कुत्र्यांची दफने मिळाली आहेत. तेव्हा इनामगावच्या हाडांना विचारावयाचा प्रश्न ‘गोष्ट काय होती’ हा नव्हे. मोडलेला पाय सांधून आला होता का, दात झिजून गेल्यावरही ते कुत्रे जगले का, त्याची हाडे उकिरड्यात विखुरली की एकत्र राहिली, हे प्रश्न विचारावयाचे. उत्तर ‘नाही’ येईल, तर तेही ऐकून घ्यावयाचे.

हे सारे मला सुचले त्याला घरगुती निमित्त आहे. आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. तेरा वर्षे जगला. शेवटच्या हिवाळ्यात त्याचे मागचे पाय गेले, डोळ्यांवर सारा आला, आणि तो आईच्या खुर्चीखालून हलेनासा झाला. आई त्या वेळी नातवाचा स्वेटर विणीत होती. एकदा तिचा टाका सुटला, मग पुन्हा सुटला, आणि मग तिने स्वेटर उसवून त्याच लोकरीची चौकोनी घडी विणावयास घेतली. कशासाठी ते तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. मोतीला परसात पुरले तेव्हा ती घडी त्याच्या अंगावर होती. एक सुई अजून तिच्यात अडकलेली होती. ती काढावयास आईने नको म्हटले.

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद मागासाठी आणि सुयांसाठी चालते. शिरूर-दौंडच्या माळरानावर धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणली जात, आणि स्वेटरही विणलाच जातो. दोन सुयांचे विणकाम आपल्याकडे युरोपियांच्या आगमनानंतरचे, फार जुने नव्हे. शब्दाने मात्र त्याला निमूट घरात घेतले. इनामगावच्या बायकांना सुयांवरचे हे विणकाम ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. पण बोटांमधून धागा सरत असताना डोळे दुसऱ्याच कोणावर लागलेले असणे, हे त्यांना ठाऊक असणार असे मी म्हणतो. हे अनुमान आहे, आणि त्याला माझ्यापाशी चकतीपलीकडे पुरावा नाही.

परसातली ती जागा उद्या कोणी उकरली तर काय मिळेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आमची माती काळी, चुनखडीची. तीत हाडे टिकतात आणि लोकर विरते. म्हणजे एका म्हाताऱ्या कुत्र्याचा सांगाडा, माकडहाडाजवळ मणक्यांवर वाढलेली टोके, झिजलेले दात, आणि बरगड्यांत ॲल्युमिनियमची एक सुई. उत्खनन करणारा बहुधा लिहील की प्राण्याला सुईने भोसकून मारले होते, विधी असावा. हे मी एकदा आईला सांगितले. ती म्हणाली, “अरे, ती लोकर कसली, ॲक्रिलिक होतं ते. स्वस्तातलं. त्याला काही होत नाही.”