चुलीचं धुराडं

गाव केवढं, हे सांगताना जुनी माणसं ‘शंभर चुलींचं गाव’ म्हणत. भाऊ वेगळे निघाले की चुली वेगळ्या होत. घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं तर आमंत्रण ‘चूलबंद’. मराठी घराचा हिशेब असा चुलीवर मांडलेला होता. तिच्या धुराचा हिशेब मात्र फार उशिरा झाला.

तीन दगडांची चूल रानातली. घरातली चूल बायका चिकणमातीत शेण आणि भाताचं तूस मळून स्वतः घडवत आणि सारवून नीट राखत. शेजारी वैल असे. जाळ मुख्य चुलीतून आतल्या भोकाने तिकडे वळे आणि दुधाला, आमटीला मंद आच मिळे. एकाच सरपणात दोन भांडी. तव्यावरून उतरवलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी केली की टम्म फुगे. वर जाळ, बाजूला आच, पुढे निखारे, अशी तिहेरी सोय एका मातीच्या वस्तूत होती. जळण प्रांताप्रांताचं: विदर्भात पऱ्हाट्या-तुराट्या, कोकणात झावळ्या आणि करवंट्या, देशावर बाभूळ आणि गोवऱ्या. बाभळीचा निखारा टिकतो, पऱ्हाटी भसकन पेटून विझते. कशाची भाजी कोणत्या जळणावर, हे सुनेला सासूकडून कळे.

धूर मात्र कौलांतून वाट काढी. आढ्याला टांगलेल्या बियाण्याला त्याने कीड लागत नसे, हे खरं. पण फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत तोच धूर आधी जाई.

वर्ध्यात ही गोष्ट कामाचा विषय झाली. 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचं काम सुरू झालं. तिथे धुराडं असलेली ‘मगन चूल’ तयार झाली. 1953 मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिकाच काढली. धूर मोजला गेला तो त्याहीनंतर. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच उपकरणं लावली. बाई बसते तिथली हवा कशी आहे, हे त्यातून आकड्यांत दिसलं.

त्याच सुमारास, 1983 मध्ये, केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002 पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी लवकरच मोडल्या किंवा अडगळीत गेल्या. धुराड्यात काजळी साचे आणि ते साफ करायला कोणी येत नसे. लाकूड बारीक फोडावं लागे. घरातलं पातेलं भोकावर नीट बसत नसे. भाकरी शेकायला निखारे पुढे ओढता येत नसतील, तर ती चूल मराठी बाईच्या कामाची नाही. ज्या बाईला रोज तिच्यापुढे बसायचं, तिलाच आधी विचारायला हवं होतं.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या ‘आरती’ या संस्थेने चुलीचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. तिच्या ‘लक्ष्मी’ चुलीला दोन भांड्यांची जागा आहे आणि धुराडंही आहे, म्हणजे जुनी वैलाची सोय राखून धूर बाहेर. साच्यात घडवल्यामुळे प्रत्येक चूल एकाच मापाची होते. मे 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला, तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत अजून सरपणावरच होतात.

आता तर हमरस्त्यांवर ‘चुलीवरचं मटण’ आणि ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या झळकतात. फार्महाउसच्या अंगणात हौसेने चूल मांडली जाते. मांडणाऱ्याने लाकूड पुरतं वाळवावं, चूल मोकळ्या पडवीत मांडावी आणि धुराडं छपराच्या वर न्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात जगभरात 32 लाख माणसं दगावली. म्हणून त्या पाटीखाली जेवायला बसण्याआधी एकदा आत डोकावून पहा: भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या चुलीला धुराडं आहे का? नसेल, तर मालकाला ते बसवायला सांगा.