नामांतर आणि आर१००

फाइलचं नाव बदललं, हे गिट नोंदवतच नाही. जुनी गेली, नवी आली, एवढंच. मजकूर किमान ५० टक्के जुळला तर नाव बदललं असावं, असा अंदाज ते नंतर बांधतं. मजकूर जसाच्या तसा असेल तर 'आर१००'.

हे दिसलं की मला मराठवाडा विद्यापीठ आठवतं. नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ला झाला. लगेच दंगली पेटल्या. आमच्या नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीत, पोचीराम कांबळेंना मारलं. नाव बदललं १४ जानेवारी १९९४ला, तेही नामविस्तार म्हणून, 'मराठवाडा' शब्द ठेवून. इमारती त्याच, वर्ग तेच. गिटच्या लेखी आर१००. मधली साडेपंधरा वर्षं कमिट मेसेजमध्ये कुणी लिहिली तरच दिसतील.

त्याच सप्टेंबरात नांदेड-लातूरसाठी स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळं झालं.