पाल्मायरा : भग्नावशेषांतून उठवलेले गाव

युद्धापूर्वी दमास्कसच्या विद्यार्थ्यांची एक सहल ठरलेली असे. पहाटे बसने निघायचे, काही तास करड्या, सपाट वाळवंटातून जायचे आणि मग एकाएकी खजुरांची हिरवी पट्टी दिसायची. तिच्या कडेला मधाच्या रंगाच्या दगडी खांबांच्या रांगा. दिवसभर खांबांमधून हिंडायचे, झेनोबिया राणीची गोष्ट ऐकायची, टेकडीवरच्या किल्ल्यावरून सूर्यास्त पाहून परतायचे. परतताना बहुतेकांच्या मनात एकच चित्र असे : माणसांनी शतकानुशतकांपूर्वी सोडून दिलेले नगर.

हे चित्र खरे नाही. १९३० च्या आसपासपर्यंत या अवशेषांत लोक राहत होते. हा थ्रेड त्या वस्तीविषयी.

आरंभ पाण्यापासून करावा लागतो. डोंगराच्या पायथ्याच्या गुहेतून एफ्का नावाचा कोमट, गंधकयुक्त झरा वाहत असे. खजूर, ऑलिव्ह, डाळिंबाच्या बागा त्यावर पोसल्या. स्थानिक लोक या जागेला आजही ‘तदमुर’ म्हणतात. ‘पाल्मायरा’ हे ग्रीक-रोमनांचे नाव. तदमुर हे नाव मारी येथे सापडलेल्या, इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकातील मृत्तिकालेखांतही येते. म्हणजे सुमारे चार हजार वर्षे नाव तेच आहे.

पाण्याचे मोल नगरसभेला नेमके ठाऊक होते. इ. स. १३७ मध्ये तिने जकातीचे नियम ग्रीक आणि पाल्मायरी अशा दोन भाषांत दगडावर कोरून घेतले. कारणही तिथेच नमूद आहे : जुन्या नियमांत अनेक वस्तूंचा उल्लेख नसल्याने व्यापारी आणि जकात वसूल करणारे यांच्यात वारंवार तंटे होत. दगडी कुप्यांतून उंटावर आलेल्या सुगंधी तेलाला एक दर, तेच तेल चामडी बुधल्यांतून आले तर जवळपास निम्मा. गुलाम, जांभळी लोकर, मीठ, वेश्याव्यवसाय, सर्वांना कर. आणि याच यादीत नगरातील दोन झऱ्यांच्या वापरासाठी वर्षाला ८०० दिनार. हा शिलालेख आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

या पाण्याच्या आधाराने पाल्मायराचे व्यापारी फार दूर पोहोचले. इ. स. १५७ च्या एका लेखात ‘स्किथिया’हून जहाजाने परतलेले व्यापारी आपल्या आश्रयदात्याचा पुतळा उभारून त्याचा गौरव करतात. स्किथिया म्हणजे त्या काळी सिंधू नदीच्या मुखाकडचा प्रदेश. पैठण आणि तेरच्या मालाची नोंद करणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रंथही त्या प्रदेशाला हेच नाव देतो.

झेनोबियाचे बंड, २७२ मधील ऑरेलियनचा विजय आणि पुढच्या वर्षीची लूट हा भाग सर्वपरिचित आहे. बहुतेक पुस्तके इथेच थांबतात. वस्ती मात्र थांबली नाही.

इ. स. ३२ मध्ये अर्पण केलेले बेल देवाचे मंदिर पुढे चर्च झाले. बाराव्या शतकात त्याच्या आवाराला तटबंदी घालून गढीचे रूप दिले गेले, गाभाऱ्यात मशीद आली आणि हळूहळू अख्खे गावच त्या भिंतींच्या आत वसले. १७५१ मध्ये रॉबर्ट वुड आणि जेम्स डॉकिन्स आले तेव्हा आवारात मातीच्या झोपड्या होत्या. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भव्य ग्रंथाने युरोप खांबांच्या प्रेमात पडला; झोपड्या कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. त्यांनी उतरवून आणलेल्या लेखांवरून १७५४ मध्ये पाल्मायरी लिपी वाचली गेली, हे त्यांचे ऋण मान्य करायलाच हवे.

फ्रेंच अंमलात, १९२९ पासून, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आंरी सेरिग यांनी मोठे उत्खनन हाती घेतले. मंदिर ‘मोकळे’ करायचे होते. गावकऱ्यांना शेजारी आखीव रस्त्यांच्या नव्या तदमुरमध्ये हलवण्यात आले आणि १९३२ पर्यंत जुनी घरे पाडली गेली. अभ्यासाला त्याचा मोठा लाभ झाला, यात शंका नाही. परंतु गाभारा इतकी शतके उभा राहिला तो लोक तिथे प्रार्थना करीत होते म्हणून, आणि सहलीच्या विद्यार्थ्यांना भावणारी ती निःशब्द शांतता काळाने नव्हे, प्रशासनाने निर्माण केली होती. पाडलेल्या घरांमध्येही आठ शतकांचा इतिहास होता. त्याची उकल करण्याची गरज तेव्हा फारशी कोणाला वाटली नाही.

मे २०१५ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने तदमुर घेतले. त्याच गावात जन्मलेले आणि चाळीस वर्षे तिथल्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख राहिलेले खालिद अल-असद वयाची ऐंशी पार करूनही गाव सोडून गेले नाहीत. १८ ऑगस्टला त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात बेल मंदिराचा गाभारा सुरुंगांनी उडवला गेला. नव्या तदमुरचे बहुसंख्य रहिवासी परागंदा झाले; त्यांतील अनेकांचे आजे-पणजे त्याच मंदिराच्या आवारातून उठवले गेले होते.

एफ्काचा झरा १९९० च्या दशकातच आटला होता. गाभाऱ्याचे उंच प्रवेशद्वार तेवढे स्फोटातून वाचले, आणि आवाराची बाहेरची भिंतही. तिच्या आत आता मंदिर नाही, मशीद नाही आणि घरेही नाहीत.