जागलीच्या कंदिलापासून डिजिटल दुर्बिणीपर्यंत : हिंगणघाट परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वणा नदीकाठचे हिंगणघाट कापसाची बाजारपेठ म्हणून इतिहासाला परिचित आहे. या बाजारपेठेमागे रात्र-रात्र जागल करणारा शेतकरी उभा आहे. कापूस, तूर व हरभऱ्याच्या शेतात रानडुक्कर आणि रोही शिरू नयेत म्हणून मचाण, कंदील आणि आरोळी ही त्याची परंपरागत साधने होत. आज रायफलीवर बसविता येणारी, दिवसा व रात्री चालणारी डिजिटल दुर्बीण उपलब्ध झाली आहे. अशा साधनाच्या निवडीचा निकष कोणता असावा, याचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनांचा विकास :
१९२६ मध्ये जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या रायफलीला बसविलेल्या विजेच्या टॉर्चच्या उजेडात मारला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, जर्मन व अमेरिकन सैन्याने अवरक्त किरणांवर चालणाऱ्या दुर्बिणी बंदुकीवर वापरल्या. व्हिएतनाम युद्धात चांदण्यांचा क्षीण प्रकाश वाढविणारी दुर्बीण आली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या सीसीडीचा शोध लागला आणि डिजिटल दुर्बिणीचा मार्ग मोकळा झाला. ही दुर्बीण दिवसा रंगीत चित्र दाखविते. रात्री मात्र तिला बहुधा अवरक्त दिव्याची जोड लागते. उष्णतादर्शक दुर्बीण याहून भिन्न आहे. ती शरीराची ऊब टिपते, परंतु चेहरा व खुणा स्पष्ट करीत नाही.

कायद्याची भूमिका :
१८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याखाली आणली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख केला. १९७२ च्या मूळ वन्यजीव संरक्षण कायद्यात विशेष परवानगीखेरीज रात्रीच्या शिकारीस व कृत्रिम प्रकाशाच्या वापरास बंदी होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारच संपुष्टात आणली. पिकांची हानी करणाऱ्या ठराविक प्राण्यांना मारण्यासाठी कलम ११ अन्वये प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तेव्हा दुर्बिणीच्या निवडीपूर्वी परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

निवडीचा निकष :
विक्रेता सामान्यतः प्राणी किती अंतरावरून 'दिसतो' ते सांगतो. वापरणाऱ्याने तो किती अंतरावरून 'ओळखता येतो' हे पाहिले पाहिजे. ही दोन अंतरे सारखी नसतात. शेजारच्या धुऱ्यावर दुसरा शेतकरीही जागलीला बसलेला असतो; पडद्यावर तोही केवळ एक उजळ ठिपका ठरू शकतो. त्यामुळे चित्राची स्पष्टता, दाट धुक्यातील मर्यादा, थंडीत बॅटरी टिकण्याचा काळ आणि प्रत्येक धक्क्यानंतर नेम कायम राहणे या बाबी किमतीपेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

वर्धा नदीपलीकडील राळेगाव तालुक्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री 'अवनी' वाघीण मारली गेली. तिच्या शोधासाठी आधुनिक साधने वापरली गेली होती. तरीही नंतरचा वाद साधनांचा नव्हता. तिला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न नियमानुसार झाला काय, हा त्या वादाचा विषय होता.

निष्कर्ष :
कंदिलापासून डिजिटल पडद्यापर्यंत मानवाने अंधारावर मोठी मात केली. परंतु चाप ओढण्यापूर्वी समोर कोण आहे याची खात्री करण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्राने स्वतःकडे घेतलेली नाही. म्हणून ज्या अंतरावर खात्रीने ओळख पटते, तेवढेच त्या दुर्बिणीचे खरे अंतर मानणे उचित होय.