औद्योगिक वास्तू आणि चित्रपट

उत्पादन थांबलेले कारखाने, कापडगिरण्या आणि गॅसनिर्मिती केंद्रे यांचा चित्रीकरणस्थळ म्हणून वापर करणे ही चित्रपटव्यवसायात रुळलेली प्रथा आहे. तिच्यामागे प्रथम व्यवहार आहे. अवजड यंत्रांसाठी बांधलेल्या या इमारतींची छते उंच आणि दालने प्रशस्त असतात. त्यामुळे नेपथ्य उभारणे, दिवे टांगणे व कॅमेरा फिरवणे सुकर होते. आवाराला भिंत असल्याने बघ्यांची गर्दीही आवरता येते.

पूर्व लंडनमधील बेक्टन गॅस वर्क्स हे याचे ठळक उदाहरण होय. १८७० मध्ये स्थापन झालेले, कोळशापासून वायू तयार करणारे हे केंद्र उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू उपलब्ध झाल्यावर कालबाह्य ठरले. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) या चित्रपटासाठी व्हिएतनाममधील हुए शहर येथे उभे केले. इमारती पाडल्या जाणारच होत्या. त्यामुळे त्यांत खरे स्फोट घडवणे शक्य झाले. पामची झाडे स्पेनहून आणण्यात आली. याउलट, दुसऱ्या महायुद्धात विमाने बांधणारा इंग्लंडमधील लीव्ह्सडनचा कारखाना ‘गोल्डनआय’पासून (१९९५) स्टुडिओ म्हणून वापरात आला आणि पुढे हॅरी पॉटर चित्रमालिकेचे मुख्य केंद्र ठरला.

मुंबईत हे स्थान कुलाब्याच्या समुद्रकाठच्या मुकेश मिलला लाभले. ‘हम’ (१९९१) मधील ‘जुम्मा चुम्मा’ या गाण्याने तिचे आवार देशभर परिचित केले. पडक्या भिंतींमुळे भयपटांनाही ती सोयीची ठरली आणि भुताटकीच्या कथा तिच्याभोवती रुजल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या असंख्य कुटुंबांची चूल त्यानंतर विझली. पडद्यावरील भग्न गिरणीत या इतिहासाचा मागमूस क्वचितच आढळतो. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारित, महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘लालबाग परळ’ (२०१०) हा त्यास महत्त्वाचा अपवाद.

चित्रीकरणाचे भाडे जुन्या वास्तूला काही काळ तगवते. तिचे जतन मात्र त्यातून आपोआप होत नाही. वास्तू पाडली गेल्यावर तिची छायाप्रतिमा चित्रपटात उरते. तेथे राबलेल्या माणसांची नोंद अन्यत्र, आणि वेळीच, करावी लागते.